पिशवी काढल्यानंतरची यादी

बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्याचा विषय निघाला की आमच्या इंग्लंडातल्या मराठी मंडळींत एक वाक्य हमखास येतं, "इथं असलं काही चालत नाही." मला ते खटकतं. इथंही चाललं, तेही एनएचएस म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या रुग्णालयांत.

बाळंतपणानंतर लघवीवर ताबा राहत नाही किंवा अंग बाहेर येतं, म्हणून हजारो बायकांच्या ओटीपोटात प्लास्टिकची जाळी बसवली गेली. छोटंसं ऑपरेशन, लगेच घरी, असं सांगून. काहींच्या शरीरात ती जाळी रुतली, मूत्राशयात घुसली. चालणं, बसणं, नवऱ्याजवळ जाणं अवघड झालं. तक्रार केली तर "वय झालं" किंवा "मनाचे खेळ". 2018 साली इंग्लंडात या शस्त्रक्रियांना स्थगिती मिळाली आणि 2020 मध्ये या प्रकाराची चौकशी करणाऱ्या बॅरोनेस कंबरलेज यांचा अहवाल आला. त्यातली मला सगळ्यात झोंबलेली गोष्ट अशी, की जाळी नेमकी किती जणींना बसवली आणि त्रास किती जणींना झाला, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. नोंदच ठेवली नव्हती.

बीडमध्ये निदान मोजदाद झाली. 2019 मध्ये राज्य सरकारने चौकशीसाठी नेमलेल्या नीलम गोऱ्हे यांच्या समितीच्या वेळी 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली, म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. देशभरच्या कुटुंब आरोग्य पाहणीत हाच आकडा 15 ते 49 वयाच्या बायकांत शंभरात तीनच्या आसपास आहे.

पुढचा वाद ठरलेला. एक बाजू म्हणते डॉक्टर लुटारू, डॉक्टर म्हणतात बायकाच मागे लागतात. माझ्या मते दोन्ही खरं आहे, आणि म्हणूनच एवढ्यावर थांबता येत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली, एक खाडा पडला की दंड. फडावर ना संडास ना आडोसा. अशी बाई "अंगावरून जातंय" म्हणून दवाखान्यात गेली आणि तिला कॅन्सरची भीती घातली, तर ती कर्ज काढून सही करणारच. आता बीडमध्ये खासगी दवाखान्याला पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागते. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही राज्यांना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला सांगितलं. चांगलंच झालं. पण परवानगीच्या कागदाने खाडा माफ होत नाही.

उपाय नाहीत असंही नाही. ब्रिटनमध्ये अति रक्तस्राव होणाऱ्या 571 बायकांवर इक्लिप्स नावाची चाचणी झाली, 2013 मध्ये तिचे निष्कर्ष आले. तांबीसारखंच गर्भाशयात बसवायचं, पण संप्रेरक सोडणारं साधन नेहमीच्या गोळ्यांपेक्षा सरस ठरलं. पुढे दहा वर्षं त्या बायकांची विचारपूस चालू राहिली. बहुतेकींना शस्त्रक्रिया लागली नाही.

हेवा वाटतो तो या दहा वर्षांच्या विचारपुशीचा. कमी वयात पिशवी काढली की अंडाशय ठेवूनही रजोनिवृत्ती लवकर येऊ शकते. अंडाशयही काढले तर ती लगेचच येते, मग हाडं ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. तिशीतल्या बाईला पुढं निम्मं आयुष्य ऊस तोडायचा असतो. त्या 13,861 जणींची हाडं, हृदय, कंबर पुढची वीस वर्षं कुणीतरी तपासत राहायला हवं, आणि त्याचा खर्च कारखान्यांनीही उचलायला हवा. एक मात्र बघा, या तपासण्या फडावर जाऊनच व्हाव्यात. दिवाळीनंतर गावात शिबिर लावलं तर तिथं म्हातारीकोतारीच सापडतील. कोयते तोवर पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात पोचलेले असतात.