आधी यादी, मग दान

टेक्सासच्या गव्हर्नरांनी पाठवलेली स्थलांतरितांची पहिली बस ३१ ऑगस्ट २०२२ रोजी शिकागोत पोहोचली आणि पुढच्या दोन वर्षांत पन्नास हजारांहून अधिक माणसे, त्यांतील बहुसंख्य व्हेनेझुएलाची, या शहरात उतरली. निवारे अपुरे पडले, तेव्हा लहान मुलांसह कुटुंबे पोलीस ठाण्यांच्या फरशीवर झोपत होती. त्या काळात, २०२३ च्या नोव्हेंबरपासून, आमच्या उपनगरातील एका कॅथलिक चर्चच्या तळघरात मी दर शनिवारी जात असे. मी त्या चर्चची सदस्य नाही. वस्तू निवडायला माणसे हवी आहेत असे शेजारणीने सांगितले, एवढेच निमित्त होते.

तिथली व्यवस्था पाहणाऱ्या सत्तरीच्या बाई, निवृत्त शिक्षिका, दर गुरुवारी निवाऱ्यात राहणाऱ्या मुलांच्या आयांना फोन करून स्पॅनिशमध्ये एकच प्रश्न विचारत: या आठवड्यात काय हवे आहे? उत्तरांची यादी शुक्रवारी दारावर लागे. चार आणि पाच नंबरचे डायपर, न वापरलेली अंतर्वस्त्रे, जाड मोजे, मुलांचे बर्फातले बूट, पुरुषांसाठी स्मॉल आणि मीडियम मापाचे कोट. मापाचा मुद्दा महत्त्वाचा होता, कारण देणगीत येणारे कोट बहुधा एक्स्ट्रा लार्ज असत आणि घेणारी माणसे चणीने आपल्यासारखी. जानेवारी २०२४ मध्ये पारा उणे २० अंशांच्या खाली गेला, त्या आठवड्यात चपला घालून आलेल्या मुलांना मापाचा बूट मिळणे ही चैन नव्हती.

यादी असूनही लोक स्वतःला नको असलेले आणून देत, याचे मला फार वाईट वाटते. चेन तुटलेली जाकिटे, डाग पडलेल्या चादरी, मुदत संपत आलेले डबे. आणि निवाऱ्यात तर स्वयंपाकाची सोयच नव्हती. आमचा निम्मा वेळ हे वेगळे काढण्यात जाई. १९९३ च्या सप्टेंबरात किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी सोलापुरात शाळेत होते. गल्लीत कपडे गोळा करताना आईने माझ्या हातातला उसवलेला फ्रॉक परत घेतला आणि माझा दिवाळीसाठी शिवलेला फ्रॉक गाठोड्यात घातला. मी रडले होते. तळघरातल्या टेबलापाशी उभी असताना तो फ्रॉक मला वारंवार आठवला.

आपल्या मराठी मंडळींपैकी काहींनी मला विचारले की ही धडधाकट माणसे काम का करत नाहीत. प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवे. अमेरिकेत कायदेशीर आश्रयासाठी (असायलम) अर्ज केल्यावर १५० दिवस उलटल्याशिवाय कामाच्या परवान्यासाठी अर्जच करता येत नाही आणि एकूण १८० दिवस होईपर्यंत तो हातात पडत नाही. शिवाय मूळ अर्ज भरायलाच वकील मिळेपर्यंत महिने जातात. एच-४, म्हणजे नोकरीसाठी आलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या, व्हिसावर आलेल्या आपल्यातील कित्येक स्त्रियांनी हात बांधून घरी बसण्याची ती वर्षे काढली आहेत. त्यांना हे मी वेगळे समजावण्याची गरज नसावी.

कुटुंब निवाऱ्यातून भाड्याच्या घरात गेले की यादी बदलते: गादी, पातेली, तवा, आणि अरेपासाठी, म्हणजे त्यांच्या मक्याच्या भाकरीसाठी, मक्याचे शिजवून वाळवलेले पीठ. एका आईने ते पीठ पाहून पिशवी छातीशी धरली. आम्ही पास्त्याची वीस पाकिटे दिली असती, तरी तिच्या चेहऱ्यावर ते उमटले नसते.

२०२४ च्या अखेरीस शहराने स्थलांतरितांची वेगळी निवारा-व्यवस्था बेघरांच्या नेहमीच्या व्यवस्थेत विलीन केली. बसेस थांबल्या, तळघरातील टेबले मात्र मांडलेलीच आहेत आणि बाई अजूनही गुरुवारी फोन करतात. शिकागो परिसरातील ज्यांना काही द्यायचे आहे त्यांनी कपाट उघडण्यापूर्वी मला संदेश पाठवावा. मी शुक्रवारची यादी पाठवीन.