आत्या, ती दुसरी गोळी घेऊ नकोस

काल संध्याकाळी आत्याला फोन केला, तर आवाज ओढलेला. दोन दिवस ताप आहे म्हणाली. "पण काळजी नको करूस, अझिथ्रोची एक घेतलीय, अजून दोन आहेत." कुणी दिली? कुणीच नाही. भिशीच्या ग्रुपवर मेसेज आला होता: "ताप, सर्दी, घसा, काहीही असो, अझिथ्रोमायसिन ५०० तीन दिवस. ताप उतरला की बंद. उरलेल्या पुढच्या वेळेला. डॉक्टरची फी वाचवा." हाच मेसेज या आठवड्यात मला तीन जणांनी पाठवलाय.

"काहीही असो" हे तर सरळ खोटं आहे. अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक आहे आणि अँटिबायोटिक फक्त जिवाणूंवर चालतं. सर्दी, फ्लू, डेंग्यू विषाणूंमुळे होतात, तिथे त्याचा काडीचा उपयोग नाही.

खरा जीवघेणा भाग पुढचा आहे: "ताप उतरला की बंद." म्हणजे ताप उतरला तर गोळी लागू पडली, असं माणूस धरून चालतो. डेंग्यूचा ताप बरेचदा तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या मध्ये आपोआप उतरतो आणि धोका नेमका तेव्हाच सुरू होतो. रक्तवाहिन्यांमधून द्रव झिरपतो, पोट दुखतं, उलट्या थांबत नाहीत, बीपी पडतं. ज्या दिवशी दवाखान्यात धावायचं, त्या दिवशी आपण "बरं वाटतंय" म्हणून घरी बसणार! पावसाळ्यात असले मेसेज पुढे ढकलणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

"उरलेल्या पुढच्या वेळेला." आत्याच्या फ्रीजवर स्टीलचा डबा आहे. त्यात गोळ्यांच्या पट्टीचे कात्रीने कापलेले तुकडे. एकावर नुसतं 'मायसिन' उरलंय, तारीख कापून गेलेली. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगने १९४५ साली नोबेलच्या व्याख्यानातच हे सांगून ठेवलंय. त्याने गोष्ट रचून सांगितली: घसा दुखतो म्हणून एक गृहस्थ स्वतःच अपुरं पेनिसिलिन घेतो, जंतू मरत नाहीत, औषधाला सरावतात. तेच जंतू बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, औषध चालत नाही, ती मरते. त्या डब्यातल्या गोळ्यांनी घरातल्या दुसऱ्याचा जीव जाऊ शकतो, तो असा.

आता, तीन दिवसांचा कोर्स असतो हे खरं, मान्य करते. अझिथ्रो शरीरात बरेच दिवस टिकतं. काही आजारांत पूर्वीपेक्षा कमी दिवसांचे कोर्सही आता पुरतात. पण टायफॉइडला हेच औषध तीन दिवसांहून जास्त लागतं. कुठला आजार, किती दिवस, हे तपासणारा ठरवणार, भिशीचा ग्रुप नव्हे.

जखमेवर कॅप्सूल फोडून पावडर टाकायचा सल्लाही त्याच मेसेजमध्ये आहे. नका टाकू, बस.

आज सकाळी आत्याला दवाखान्यात नेलं. आधी घेतलेल्या गोळीचं ती सांगतच नव्हती, मी सांगितलं. अँटिबायोटिक पोटात गेलं असेल तर ब्लड कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, टायफॉइडचे जंतू बरेचदा सापडत नाहीत. डेंग्यूसाठीही रक्त घेतलंय, रिपोर्ट संध्याकाळी येईल. डबा मी उचलून आणलाय.