देवाबरोबरची सहभागिता: एका लोकप्रिय दाव्याचा प्रतिवाद

देवाबरोबरच्या सहभागितेविषयी एक मजकूर समाजमाध्यमांवर वेगवेगळ्या शब्दांत सतत फिरत असतो. त्याचा आशय थोडक्यात असा: सहभागिता म्हणजे अंतःकरणात जाणवणारी शांती, ती जाणवेनाशी झाली की देव दूर गेला असे समजावे. एक जरी पाप घडले तरी ती तुटते आणि सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागते. ज्याची सहभागिता पक्की, त्याच्या वाट्याला दुःख येत नाही. भक्ताने देवात विरून जाणे ही तिची परिपूर्ती होय. आणि हा सर्व व्यवहार देव व तुम्ही यांच्यातला असल्यामुळे मंडळी (चर्च), सामुदायिक उपासना, प्रभुभोजन (भाकर व प्याला वाटून घेण्याचा विधी) यांची गरज उरत नाही. पुराव्यादाखल बायबलच्या नव्या करारातील योहानाच्या पहिल्या पत्रातील ‘आपली सहभागिता पित्याबरोबर व त्याचा पुत्र येशू ख्रिस्त ह्याच्याबरोबर आहे’ हे शब्द जोडलेले असतात.

हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांच्या हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही. कोरड्या धर्माचाराला कंटाळलेल्या माणसाला ‘देव तुझ्याजवळ येऊ इच्छितो’ असे कोणी सांगितले तर त्याला ते हवेहवेसे वाटणारच, आणि तेवढे सांगणे खरेही आहे. अडचण पुढच्या विधानांची आहे. त्या पाचही विधानांच्या मुळाशी एकच समजूत दिसते: सहभागिता ही माणसाने साधायची आणि सांभाळायची मनाची अवस्था आहे. ख्रिस्ती विश्वासानुसार मात्र ती देवाने ख्रिस्ताद्वारे स्वतःच्या जीवनात दिलेला वाटा आहे. प्रेषित पौलाने करिंथ येथील मंडळीला लिहिले की, ज्या देवाने तुम्हांला आपल्या पुत्राच्या सहभागितेत बोलावले तो विश्वसनीय आहे (१ करिंथ १:९). ज्यांना हे लिहिले त्यांच्यात गटबाजी होती, ते एकमेकांना न्यायालयात खेचत होते आणि त्यांच्या नैतिक आचरणाबद्दल पौलाला त्याच पत्रात कडक शब्द वापरावे लागले. तरीही पत्राची सुरुवात त्यांच्या अवस्थेने होत नाही. ती बोलावणाऱ्याच्या विश्वसनीयतेने होते.

पहिले विधान शांतीच्या जाणिवेचे. त्यात सत्याचा अंश आहे हे मान्य केले पाहिजे, कारण योहान स्वतःच म्हणतो की आनंद पूर्ण व्हावा म्हणून आपण लिहीत आहोत. परंतु आनंद हे सहभागितेचे फळ आहे, तिचे मोजमाप नव्हे. त्याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायात, आपले मन आपल्याला दोषी ठरवत असले तरी देव आपल्या मनापेक्षा थोर आहे, असे तो स्पष्ट सांगतो. मनाचा कौल अखेरचा असता तर या वाक्याला काही अर्थच उरला नसता.

बायबलमधील अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र काढून पाहावे. बहुतेक विलापगीते शेवटी आशेकडे वळतात. हे वळत नाही. प्रिय जन आणि मित्र दुरावले आहेत, देवाने मुख लपवले आहे, आणि शेवट अंधारावर होतो. तरी पहिल्याच ओळीत स्तोत्रकर्ता देवाला आपल्या उद्धाराचा देव म्हणून हाक मारतो आणि रात्रंदिवस त्याच्यापुढे आक्रोश करतो. ज्याच्याशी संबंध संपला त्याच्याकडे कोणी अशी तक्रार घेऊन जात नाही. या स्तोत्राला पवित्र शास्त्रात स्थान मिळाले, ते उपासनेत म्हटले गेले, हाच या दाव्याला पुरेसा जबाब आहे. येशूने वधस्तंभावर ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हे बाविसाव्या स्तोत्राचे शब्द उच्चारले, तेव्हाही हाक ‘माझ्या देवा’ अशीच होती. मदर तेरेसा यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ साली, त्यांची खासगी पत्रे प्रसिद्ध झाली आणि कित्येक दशके त्यांना प्रार्थनेत देवाच्या सान्निध्याची जाणीव जवळजवळ नव्हती हे जगाला कळले. मजकुराचा निकष लावला तर त्या सगळ्या काळात त्या देवापासून तुटलेल्या होत्या असे म्हणावे लागेल. असे म्हणण्याचे धाडस मजकूर लिहिणारेही करणार नाहीत, असे वाटते.

दुसरे विधान पापाचे, आणि ते अधिक घातक आहे. कारण त्यामुळे प्रामाणिक माणूसच आधी खचतो. पाप ही क्षुल्लक गोष्ट आहे असे इथे म्हणायचे नाही. तुमच्या दुष्कर्मांमुळे तुमच्यात व तुमच्या देवात अंतर पडले आहे, हे यशया संदेष्ट्याचे शब्द ख्रिस्ती शिकवणुकीने कधी सौम्य केलेले नाहीत. पण योहान ज्या अध्यायात सहभागितेविषयी लिहितो त्याच अध्यायात, ‘आपल्या ठायी पाप नाही’ असे म्हणणारा स्वतःला फसवतो, असेही लिहितो. प्रकाशात चालणे म्हणजे निष्पाप असणे असते, तर प्रकाशात चालणाऱ्यांना येशूचे रक्त सर्व पापापासून शुद्ध करते हे पुढचे वाक्य निरर्थक ठरले असते. प्रकाशात चालणे म्हणजे जे आहे ते न लपवणे. लगेच पुढे दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी तो म्हणतो की तुम्ही पाप करू नये म्हणून हे लिहितो, आणि कोणी पाप केलेच तर येशू ख्रिस्त पित्याजवळ आपला कैवारी आहे. पाप घडल्यावर कैवारी निघून जातो असे तो म्हणत नाही. कैवाऱ्याची गरज नेमकी तेव्हाच असते.

या मुद्द्यावर ख्रिस्ती परंपरांमध्ये मतभेद आहेत, ते झाकण्याचे कारण नाही. कॅथोलिक मंडळीच्या ट्रेंट येथील परिषदेने १५४७ साली असे ठरवले की प्राणघातक, म्हणजे अतिगंभीर, पापाने कृपा गमावली जाते आणि प्रायश्चित्त संस्काराने ती पुन्हा मिळते. मात्र रोज घडणाऱ्या हलक्या पापांमुळे नीतिमान माणूस नीतिमान राहत नाही असे नाही. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, १६४६ साली, प्रॉटेस्टंट विद्वानांनी लिहिलेल्या वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकाराची (विश्वासाच्या जाहीरनाम्याची) भूमिका अशी की ज्यांना देवाने एकदा नीतिमान ठरवले ते त्या स्थितीतून ढळत नाहीत. पण पापामुळे पित्याची नाराजी त्यांच्यावर येऊ शकते आणि नम्र होऊन, पाप कबूल करून क्षमा मागेपर्यंत त्याच्या मुखाचा प्रकाश त्यांना अनुभवास येत नाही. एकमेकांच्या विरोधात उभ्या ठाकलेल्या या दोन पक्षांचे एका बाबतीत एकमत आहे: प्रत्येक पापागणिक सहभागिता तुटते, हे दोघांनाही मान्य नाही.

‘सगळे पहिल्यापासून’ या शब्दांचा निकालही मंडळीने फार पूर्वी लावला आहे. इ. स. २५०मध्ये रोमन सम्राट डेसियसने सर्वांनी देवतांना बळी अर्पण करावा असा हुकूम काढला. बळी दिल्याचा लेखी दाखला घ्यावा लागे. असे दाखले इजिप्तमध्ये पपायरसवर सापडलेले आहेत. अनेक ख्रिस्ती लोक भीतीने वाकले आणि छळ ओसरल्यावर रडत परत आले. रोममधील नोव्हाशियनच्या गटाने त्यांना परत घेण्यास नकार दिला. कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि बहुसंख्य मंडळी यांनी मात्र चौकशी आणि दीर्घ पश्चात्तापानंतर त्यांना पुन्हा प्रभुभोजनाला घेण्याचा मार्ग स्वीकारला. उघड विश्वासत्यागासारख्या पापानंतरही त्यांना दुसरा बाप्तिस्मा दिला गेला नाही. परतायला वाट होती, पण सुरुवात नव्याने करायची नव्हती.

लूककृत शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा दाखला सर्वांना पाठ असतो. त्यातली एक बारीक गोष्ट मात्र अनेकदा नजरेतून सुटते. परदेशात डुकरे चारताना तो बापापुढे काय बोलायचे ते मनाशी जुळवतो आणि त्या बोलण्याचा शेवट ‘मला आपल्या एका मोलकऱ्याप्रमाणे ठेवा’ असा असतो. घरी पोहोचल्यावर तो बोलू लागतो, पण हे शेवटचे वाक्य त्याच्या तोंडून येतच नाही. त्याआधीच बाप दासांना उत्तम झगा आणायला सांगतो. मजुरीपासून सुरुवात करून पुत्रपण पुन्हा कमवायचे ही योजना मुलाची होती, आणि बापाने ती ऐकूनही घेतली नाही. फिरणारा मजकूर नेमकी तीच योजना शिकवतो.

तिसऱ्या विधानावर, म्हणजे दुःख न येण्यावर, फार शब्द खर्च करण्याची आवश्यकता नाही. पौलाने फिलिप्पैकरांस पत्र बंदिवासातून लिहिले आणि त्यात ख्रिस्ताच्या दुःखांची सहभागिता आपल्याला कळावी अशी इच्छा व्यक्त केली. दुःख त्याच्या दृष्टीने सहभागितेचा भाग होते. हे ज्यांना अमान्य असेल त्यांचा वाद पौलाशी आहे.

चौथे विधान देवात विरून जाण्याचे. योहानकृत शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायातील प्रार्थनेत येशू म्हणतो की, हे पित्या, तू माझ्यामध्ये व मी तुझ्यामध्ये, तसे त्यांनी आपल्यामध्ये एक व्हावे. या ऐक्याचा नमुनाच असा आहे की त्यात पिता पिता राहतो आणि पुत्र पुत्र राहतो. एकमेकांत राहूनही कोणी पुसला जात नाही. माणसाचे दैवीकरण या कल्पनेवर सर्वाधिक भर पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळीने दिला, पण तिथेही चौदाव्या शतकात ग्रेगरी पालामास या धर्मपंडिताच्या शिकवणुकीला १३४१ आणि १३५१च्या कॉन्स्टँटिनोपलच्या सभांनी मान्यता दिली, ती अशी की देव स्वतःच्या सामर्थ्यकार्यांत माणसाला खरोखर सहभागी करतो, परंतु त्याचे मूळ तत्त्व निर्मितीच्या आवाक्याबाहेरच राहते. प्रेम करायला दुसरा लागतो. दुसरा उरलाच नाही तर सहभागिता कोणाची?

आता शेवटचे विधान, जे वरवर सर्वांत निरुपद्रवी आणि प्रत्यक्षात सर्वांत चुकीचे आहे. मजकुरात योहानाचे जे वाक्य दिले जाते ते अर्धेच आहे. पूर्ण वाक्य असे: जे आम्ही पाहिले व ऐकले आहे ते तुम्हांलाही कळवतो, ह्यासाठी की, तुमचीही आमच्याबरोबर सहभागिता व्हावी, आणि आपली सहभागिता पित्याबरोबर व त्याचा पुत्र येशू ख्रिस्त ह्याच्याबरोबर आहे. म्हणजे योहान वाचकाला प्रथम ‘आमच्याबरोबर’ जोडतो. ज्यांनी जीवनाच्या शब्दाला डोळ्यांनी पाहिले, हातांनी चाचपले, त्या साक्षीदारांच्या संगतीतूनच वाचक पित्यापर्यंत आणि पुत्रापर्यंत येतो. चार वचने पुढे तर तो वाचकाची अपेक्षाच मोडतो. ‘तो प्रकाशात आहे तसे आपण प्रकाशात चालत असलो तर’ एवढे वाचल्यावर पुढे ‘आपली देवाबरोबर सहभागिता आहे’ असे येईल असे वाटते. तिथे ‘आपली एकमेकांबरोबर सहभागिता आहे’ असे येते. आणि चौथ्या अध्यायात तो कोणतीही पळवाट ठेवत नाही: डोळ्यांसमोरच्या बंधूवर जो प्रीती करत नाही त्याला न पाहिलेल्या देवावर प्रीती करता येणे शक्य नाही.

पौलाचे प्रभुभोजनाविषयीचे लेखनही याच दिशेचे आहे. आपण मोडतो ती भाकर ख्रिस्ताच्या शरीराची सहभागिता आहे, आणि भाकर एकच असल्यामुळे आपण पुष्कळ असूनही एक शरीर आहोत, असे तो लिहितो. पुढच्याच अध्यायात तो करिंथकरांना झापतो: भोजनाच्या वेळी एक भुकेला राहतो आणि दुसरा मद्याने धुंद होतो. हे जे चालले आहे ते प्रभूचे भोजन नव्हेच, असा त्याचा निवाडा आहे. शेजारी बसलेल्या गरिबाचा अपमान करणाऱ्याला ‘माझे आणि देवाचे ठीक चालले आहे’ असे म्हणण्याची मुभा तो देत नाही.

यावर एकांताचा आधार घेतला जातो. येशू पहाटे एकटा प्रार्थनेला जाई, वाळवंटात तपस्वी राहत, हे खरेच. पण येशू त्या एकांतातून शिष्यांकडे परत येई. आणि चौथ्या शतकात एकट्याने राहणाऱ्या तपस्व्यांचा गौरव होत असतानाच कैसरियाचा बिशप बासिल याने त्यांना अवघड प्रश्न विचारला होता: प्रभूने शिष्यांचे पाय धुतले. तू एकटाच राहिलास तर कोणाचे पाय धुशील?

मंडळीत दुखावले गेलेले, अपमान सोसलेले लोक या मजकुराकडे अधिक ओढले जातात, आणि त्यांची वेदना खरी आहे. जिथे छळ होतो तिथून बाहेर पडणे म्हणजे सहभागिता सोडणे नव्हे. आजारपणाने किंवा कैदेमुळे ज्याला सभेला येता येत नाही तोही तिच्याबाहेर पडत नाही, आणि ही सोय आधुनिक काळाने काढलेली नाही. इ. स. १५५च्या सुमारास जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने रोमन सम्राटाला उद्देशून लिहिताना रविवारच्या सभेचे वर्णन केले आहे: शास्त्रवाचन, उपदेश, प्रार्थना, भाकर आणि प्याला, नंतर अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि परके यांच्यासाठी जमवलेली वर्गणी. जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे त्याच भाकरीचा वाटा डीकन (मंडळीचे नेमलेले सेवक) घेऊन जात, असे तो नोंदवतो. न आलेल्याला ‘तू घरीच देवाशी बोल, तेवढे पुरे’ असे त्या मंडळीने सांगितले नाही. तिने त्याचा वाटा राखून ठेवला आणि तो पोहोचवण्याचे काम एका नेमलेल्या माणसाकडे सोपवले.