ग्रुपवर विचार, पर्सनलला नको

काल रात्री आमच्या अभ्यासाच्या ग्रुपमधल्या एका मुलाचा पुन्हा तोच मेसेज आला. "ताई, एक डाऊट होता. ग्रुपवर नको, पर्सनललाच सांगाल का?"

मी सांगितलं नाही. म्हटलं, ग्रुपवर टाक, तिथेच बोलू. यावरून दोघा-तिघांनी मला कडक म्हटलंय, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात फिजिक्स घेऊन बीएस्सी केलं. थर्ड इयरला आविष्कार या संशोधन स्पर्धेसाठी विद्यापीठात गेले होते, डिसेंबर महिना होता. पोस्टर लावून झालं आणि शेजारच्या मुलीने सहज विचारलं, "जॅमची तयारी कशी चाललीय?" हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. आयआयटीत एमएस्सीला जायचं तर ही परीक्षा असते, फेब्रुवारीत होते, शेवटच्या वर्षात असतानाच देता येते, हे सगळं तिने उभ्या उभ्या सांगितलं. मी विचारलं, अजून फॉर्म भरता येईल का? "नाही गं, तो तर ऑक्टोबरलाच बंद झाला."

ही परीक्षा 2004 पासून होते आहे. आमच्या वर्गात कुणालाच तिचं नाव माहीत नव्हतं. शिक्षक मन लावून शिकवायचे, त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण करिअर मार्गदर्शन म्हणजे वर्षातून एकदा बाहेरून पाहुणे येणार, शाल-श्रीफळ, दीड तासाचं भाषण, मोठी स्वप्नं बघा. फॉर्म कधी निघतो, कुठे भरायचा, हे त्या दीड तासात कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही.

माझं एक वर्ष गेलं. मुलीचं एक वर्ष घरी जाणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी घडलंय त्यांना कळेल. आत्याने दिवाळीपर्यंत दोन स्थळं आणली होती. आई खंबीर राहिली, म्हणून मी पुढच्या फेब्रुवारीत परीक्षेला बसू शकले.

"गुगलवर सगळं असतं, मुलं शोधत नाहीत," असं शहरातले मित्र म्हणतात. अरे, शोधायला आधी नाव तर माहीत हवं! तुम्हाला ते नाव हॉस्टेलच्या खोलीत, मेसच्या रांगेत, सीनियरच्या तोंडून फुकट मिळालं. बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराजच्या तिन्ही विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्यात दोन महिने शास्त्रज्ञांच्या हाताखाली काम करायची फेलोशिप देतात. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात बीएस्सीच्या मुलांना संशोधनाची ओळख करून देणारा नियस नावाचा कार्यक्रम आहे. एनपीटीईएल या वेबसाइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्स फुकट ऐकता येतात, पैसे लागतात ते परीक्षेला बसायचं असेल तरच. यातली किती नावं तालुक्याच्या कॉलेजात सेकंड इयरच्या मुलाच्या कानावर पडलेली असतात?

म्हणून चार वर्षांपूर्वी आम्ही पाच-सहा जणांनी हा ग्रुप सुरू केला. रविवारी रात्री साडेआठला कॉल. आधी अभ्यासातले डाऊट, मग फॉर्म आणि तारखा. क्रम मुद्दाम असा ठेवलाय, कारण विषय समजला नाही तर नुसत्या तारखा माहीत असून काय करायचं?

मागच्या महिन्यात एका मुलाने विचारलं, "थर्मोडायनॅमिक्समध्ये कंसाबाहेर खाली तो छोटा व्ही कशाला लिहितात?" विचारताना आवाज अगदी बारीक. म्हटलं, घरी कुकर आहे ना? झाकण घट्ट, आतली जागा तेवढीच. आता गॅस मोठा केलास तर दाब किती वाढेल, हे विचारताना 'जागा बदलू द्यायची नाही' अशी अट आपण घालतो. व्ही म्हणजे व्हॉल्यूम, आतली जागा; तो खाली लिहिला की ती अट घातली. लगेच परभणीकडची एक मुलगी म्हणाली, "म्हणजे फुगा उन्हात ठेवला तर ही अट चालणार नाही, तो स्वतःच मोठा होतो." बरोबर! मला ते उदाहरण सुचलं नव्हतं. आणि मग चॅटमध्ये एकेक करून अकरा जणांनी लिहिलं की आम्हालाही हे कधी कळलं नव्हतं, पाठ करून लिहीत होतो.

त्या मुलाने पर्सनलला विचारलं असतं तर उत्तर एकट्याला मिळालं असतं. फुग्याचं उदाहरण कुणालाच मिळालं नसतं, त्यालासुद्धा.

लाज का वाटते, ते मला ठाऊक आहे. दहावीपर्यंत मराठीत शिकायचं, नंतर एकदम सगळं इंग्रजीत. प्रश्न डोक्यात मराठीत येतो, तो इंग्रजीत करेपर्यंत सर पुढच्या पानावर गेलेले असतात. आणि एवढं साधं येत नाही म्हणतील, ही धास्ती असतेच. म्हणून आमच्याकडे प्रश्न मराठीतच विचारायचा, अर्धवट असला तरी चालतो. एनपीटीईएलच्या चर्चेत विचारायचा असेल तर इंग्रजी वाक्य आपण सगळे मिळून करतो. हसणाऱ्याला मी ग्रुपमधून काढते, आणि आतापर्यंत दोघांना काढलं आहे. याबाबतीत मात्र मी खरंच कडक आहे.

सीनियरना एकच विनंती. तुम्ही ज्या परीक्षेतून, ज्या फॉर्ममधून पुढे गेलात त्याचं नाव, महिना आणि तुम्हाला नडलेली एक गोष्ट, एवढं तरी आपल्या जुन्या कॉलेजच्या मुलांना लिहून पाठवा. दहा मिनिटं लागतात.

कालच्या त्या मुलाने आज दुपारी प्रश्न ग्रुपवर टाकला. मॅक्सवेल रिलेशन्सचा आहे, म्हणजे थर्मोडायनॅमिक्समधल्याच सूत्रांचा. रविवारी त्यानेच सुरुवात करायची, असं ठरलंय.