नायडूंवर बोली कोणी लावली होती? होळकरांनी

आमच्या लोकमान्य नगरच्या ग्रुपवर नानाकाकांनी एक मेसेज टाकला. त्यांचा स्वतःचा नव्हे, पुढे ढकललेला. नंतर तोच मेसेज मावशीकडून आला, ऑफिसातल्या भियांकडून हिंदीत आला, आणि पुण्याच्या चुलतभावाने 'तुमच्या इंदूरचं आहे बघ' म्हणून परत मलाच पाठवला. वर भारताचे पहिले कसोटी कर्णधार कर्नल सी. के. नायडू यांचा जुना फोटो आणि खाली मजकूर: 'या माणसावर कधी कोणी बोली लावली होती का? तेव्हा खेळाडू मातीसाठी खेळत, पैशासाठी नाही. २००७ चा वर्ल्डकप जिंकला आणि व्यापाऱ्यांना लीग सुचली. खेळाडू बैलबाजारात उभे राहिले, रणजी मेली, लहान शहरांच्या हाती धुपाटणं आलं, आणि मालकांना जाब विचारणारं कोणी उरलं नाही.'

आयपीएलचा मी काही भक्त नाही. जाहिरातींच्या मध्ये मध्ये क्रिकेट दाखवतात, हे नानाकाकांचं मत मलाही पटतं. पण हा मेसेज इंदुरात फिरावा, आणि तोही नायडूंच्या फोटोसकट, हे जरा अतीच झालं.

नायडू इंदूरचे नव्हतेच. जन्म नागपूरचा, १८९५ चा. १९२३ मध्ये होळकर दरबाराने त्यांना बोलावून घेतलं आणि संस्थानच्या फौजेत कॅप्टन केलं. 'कर्नल' ही पदवी लोकांनी लाडाने दिलेली नाही, ती त्याच नोकरीतली. पगार दरबाराचा आणि हुद्दा फौजेचा असला, तरी खरं काम क्रिकेटचं. याला बोली म्हणायचं नसेल तर नका म्हणू. पण दुसऱ्या गावचा उत्तम खेळाडू चांगल्या अटी देऊन आपल्याकडे आणणं, हे इंदूरने आयपीएलच्या ८५ वर्षं आधी करून ठेवलेलं आहे.

आणि हा प्रकार एका नायडूंपुरता नव्हता. यशवंतराव होळकरांच्या काळात, १९४१-४२ पासून, 'होळकर' नावाचा संघ रणजीत उतरला. सय्यद मुश्ताक अली तेवढे अस्सल इंदूरचे. चंदू सरवटे सागरचे, खंडू रांगणेकर मुंबईचे, भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे. निंबाळकरांनी महाराष्ट्र, बडोदा, होळकर, रेल्वे अशा इतक्या संघांकडून खेळून घेतलं, की आजच्या टी-२० वाल्यालाही दमायला व्हावं. या जमवलेल्या संघाने १४ हंगामांत १० वेळा अंतिम सामना गाठला आणि ४ वेळा रणजी जिंकली. १९४५-४६ मध्ये म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ करताना एकाच डावात सहा जणांनी शतकं ठोकली: भांडारकर, सरवटे, जगदाळे, नायडू, निंबाळकर आणि प्रतापसिंह. हे फळ मातीचं, तसं दरबाराच्या तिजोरीचंही.

परदेशी खेळाडू? तोही होता. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन महूच्या छावणीत होता. महू इथून जेमतेम २० किलोमीटर. होळकरांनी त्याला संघात घेतलं. मार्च १९४५ मध्ये मुंबईविरुद्ध ब्रेबॉर्नवर रणजीचा अंतिम सामना झाला. विजयासाठी ८६७ धावा हव्या होत्या. (हा आकडा छापायची चूक नाही.) मुश्ताक अलींनी दोन्ही डावांत शतक केलं, कॉम्प्टन २४९ वर नाबाद राहिला, तरी होळकर ३७४ धावांनी हरले. इंग्रज फलंदाज होळकरांच्या टोपीत मुंबईच्या गोलंदाजांना झोडपतोय आणि समोर विजय मर्चंटांनी २७८ केलेत, यात आयपीएलला परकं वाटावं असं मला तरी काही दिसत नाही.

बडोद्यानेही हेच केलं. विजय हजारे सांगलीचे, गुल महंमद लाहोरचे, दोघे गायकवाडांच्या संघात. १९४७ च्या अंतिम सामन्यात या दोघा 'बाहेरच्यांनी' आपल्याच होळकरांविरुद्ध ५७७ धावांची भागीदारी केली. तेव्हा मातीसाठी खेळत म्हणणाऱ्यांनी आधी माती कोणाची ते ठरवावं.

आता 'बैलबाजार'. हा शब्द लिलावामुळे चिकटला आणि त्यात गैरसमज भरपूर. बैल विकला की पैसे जुन्या मालकाला मिळतात. आयपीएलच्या लिलावात संघाने लावलेली रक्कम सहसा खेळाडूच्याच खात्यात जाते, ते त्याचं हंगामाचं मानधन. २० फेब्रुवारी २००८ च्या पहिल्या लिलावात चेन्नईने धोनीसाठी १५ लाख डॉलर मोजले, ते धोनीलाच मिळाले. शिवाय प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा तेव्हाही होती (५० लाख डॉलर) आणि आजही आहे. २०२५ च्या हंगामासाठी ती १२० कोटी रुपये होती. त्यामुळे एकाच शेठजीने सगळे चांगले खेळाडू उचलले, असं होत नाही. होळकर-बडोद्याच्या वेळी अशी मर्यादा नव्हती. ज्याची तिजोरी मोठी त्याचा संघ मोठा.

पण मेसेजवाल्याने नेमका जो मुद्दा मांडायला हवा होता तो त्याला सुचला नाही, म्हणून मीच मांडतो. लिलावात खेळाडूला कुठे जायचं ते ठरवता येत नाही. नायडूंना दरबाराचं बोलावणं नाकारता आलं असतं. आज लिलावात नाव घातलेल्या पोराला चेन्नई मिळेल की लखनौ, हे समोरच्या टेबलांवर ठरतं. दुसरं म्हणजे, दरबाराची नोकरी बारा महिन्यांची होती. बॅट म्हातारी झाली तरी माणूस रस्त्यावर येत नसे. नायडू १९६७ मध्ये वारले ते इथेच, इंदुरात. आयपीएलचा करार संपला की संपला. इथे जुना काळ बरा होता, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

वर्ल्डकप जिंकला म्हणून लीग सुचली, हे तर साध्या तारखांवर पडतं. आयपीएलची घोषणा १३ सप्टेंबर २००७ ला झाली. टी-२० वर्ल्डकपच्या अंतिम सामन्यात धोनीच्या संघाने जोहान्सबर्गला पाकिस्तानला हरवलं ते २४ सप्टेंबरला. म्हणजे घोषणा झाली तेव्हा भारताने त्या स्पर्धेतला एकही सामना जिंकलेला नव्हता. विजयाने आगीत तूप ओतलं, नाही म्हणत नाही. पण आग आधीच लागली होती, आणि ती लावली झी समूहाच्या सुभाष चंद्रांनी. क्रिकेटचे प्रक्षेपण हक्क हाती लागेनात, तेव्हा त्यांनी २००७ मध्ये स्वतःची इंडियन क्रिकेट लीग काढली आणि कपिल देवना सोबत घेतलं. भारतीय क्रिकेट मंडळाने (बीसीसीआय) त्या लीगमध्ये जाणाऱ्यांवर बंदी घातली आणि स्वतःची लीग उभी करायला घेतली. पुढे आयपीएलचे पहिले प्रमुख झालेल्या ललित मोदींच्या डोक्यात शहरांच्या संघांची कल्पना नव्वदच्या दशकापासून होती. तेव्हा मंडळाने ती बाजूला ठेवली, आणि स्पर्धक दारात उभा राहिल्यावर तीच धावतपळत बाहेर काढली. २० षटकांचा खेळ तर २००३ मध्येच इंग्लंडच्या काउंट्यांनी रिकामी मैदानं भरायला सुरू केला होता. आपल्या मंडळाला त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. भारताने पहिला आंतरराष्ट्रीय टी-२० खेळला तोच डिसेंबर २००६ मध्ये.

यात खरोखर नवं काही असेल तर ते खर्च कोण करतं यात. होळकरांचा संघ संस्थानच्या महसुलावर चालायचा, म्हणजे शेवटी माळव्यातल्या शेतकऱ्याच्या शेतसाऱ्यावर. त्याने सामना पाहिला की नाही, हा प्रश्न कोणी विचारत नसे. आयपीएल चालते ती पाहणाऱ्यांवर. जानेवारी २००८ मध्ये आठ संघ मिळून सुमारे ७२ कोटी डॉलरला गेले. मुंबई सगळ्यांत महाग, जवळपास ११ कोटी २० लाख. राजस्थान सगळ्यांत स्वस्त, ६ कोटी ७० लाख, आणि पहिला चषक त्यांनीच उचलला. पण संघांच्या किमतीपेक्षा मोठा पैसा प्रक्षेपणाचा. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे हक्क ४८,३९० कोटींना विकले गेले. त्यातला मोठा वाटा सगळ्या संघांत विभागला जातो, म्हणून तळाला राहणारा संघही बुडत नाही. नानाकाका रोज रात्री शिव्या घालत का होईना, पण शेवटच्या चेंडूपर्यंत बघतात. मालक शोधायचा तर तिथे शोधावा.

'रणजी मेली' याला उत्तर द्यायला मला इंदूरच्या बाहेर जावं लागत नाही. रजत पाटीदार इथलाच. २०२२ च्या लिलावात त्याला कोणीही घेतलं नाही. मग एक खेळाडू जखमी झाला म्हणून बंगळुरूने २० लाखांत त्याला बदली घेतलं. २५ मे २०२२ ला, ईडन गार्डन्सवर, एलिमिनेटरमध्ये लखनौविरुद्ध ५४ चेंडूंत नाबाद ११२. आणि एका महिन्याने, जूनअखेर, चिन्नास्वामीवर रणजीच्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध १२२. मध्य प्रदेशने पहिल्यांदा रणजी जिंकली. होळकर नावाने शेवटची जिंकली होती ती १९५२-५३ मध्ये. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित. याच मैदानावर १९९९ मध्ये कर्नाटककडून मध्य प्रदेश अंतिम सामना हरला तेव्हा कर्णधार हेच होते. तेच पंडित पुढे कोलकात्याचे प्रशिक्षक झाले आणि २०२४ मध्ये आयपीएलही जिंकले. मेलेल्या स्पर्धेत एवढी धडधड नसते.

ताण आहे, ते खरं. आयपीएलचा करार हातात असेल तर चार दिवस उन्हात उभं राहायची हौस सगळ्यांना राहत नाही. पण मंडळाने रणजीचं मानधनही वाढवलं: २०२१-२२ पासून ४० हून अधिक सामने खेळलेल्याला दिवसाला ६० हजार रुपये. हा पैसा कुठून येतो, ते वरच्या आकड्यावरून कळावं. आणि आयपीएलचे संघ नवी पोरं शोधतात ती राज्यांच्या ज्या टी-२० स्पर्धेत, तिचं नाव सय्यद मुश्ताक अली करंडक. आपल्या मुश्ताक अलींचं. इतकं जवळचं नातं मेसेज लिहिणाऱ्याच्या नजरेतून कसं सुटलं, देव जाणे.

लहान शहरांच्या हाती धुपाटणं आलं का? माणसांपुरतं बोलायचं तर मुळीच नाही. वेंकटेश अय्यरला कोलकात्याने २० लाखांत घेतलं होतं, २०२५ च्या हंगामासाठी त्याचे २३ कोटी ७५ लाख झाले. आवेश खान २०२२ मध्ये लखनौकडे १० कोटींना गेला. आणि ज्याला कोणी घेत नव्हतं तो पाटीदार कर्णधार झाला, आणि ३ जून २०२५ ला त्याच्याच नेतृत्वाखाली बंगळुरूने १८ व्या हंगामात पहिला चषक उचलला. तिघेही इंदूरचे. सामन्यांचं मात्र धुपाटणंच. २०१७ आणि २०१८ मध्ये पंजाबने काही घरचे सामने इथे खेळले, आणि मग ते निघून गेले. पाहुण्या संघाच्या भरवशावर शहराने किती दिवस टाळ्या वाजवायच्या, ही तक्रार मी नानाकाकांबरोबर बसून करायला तयार आहे.

राहिला जाब. मालकांना कोणी विचारत नाही, असं अजिबात नाही. २०१३ च्या सट्टेबाजी-फिक्सिंग प्रकरणानंतर सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या लोढा समितीने चेन्नई आणि राजस्थान या दोन संघांना दोन वर्षं बाहेर बसवलं. डेक्कन चार्जर्सने २००९ चा चषक जिंकला होता, तरी २०१२ मध्ये मंडळाने त्यांचा करार रद्द केला. आणि कोची. हा संघ आठवतो का कोणाला? २०११ मध्ये त्यांनी दोन सामने आपल्याच स्टेडियमवर खेळले. उषाराजे ट्रस्टच्या त्या मैदानाला होळकरांचं नाव देऊन जेमतेम वर्ष झालं होतं. दुसऱ्या सामन्यात राजस्थान ९७ वर आटोपलं आणि कोची आरामात जिंकलं. तो त्यांचा इथला दुसरा आणि शेवटचा सामना. मंडळाची बँक हमी भरली नाही म्हणून सप्टेंबरमध्ये संघच रद्द झाला. होळकरांचा संघ निदान १४ हंगाम टिकला होता.