मुरामासा हा मासामुनेचा शिष्य नव्हता

जपानी तलवारींची ती गोष्ट तुमच्याही मोबाइलवर येऊन गेली असेल. दोघं तलवारी घडवणारे लोहार: मासामुने गुरू, मुरामासा शिष्य. दोघं आपापली तलवार ओढ्यात रोवतात. शिष्याचं पातं वाहत येणारी पानं, मासे, सगळं कापत सुटतं. गुरूच्या पात्याजवळून पानं अलगद वळून जातात. एक साधू निकाल देतो: गुरूची तलवार पवित्र, शिष्याची रक्ताला चटावलेली. वर पुस्ती, की मुरामासाच्या तलवारींच्या शापामुळे जपानवर राज्य करणाऱ्या तोकुगावा घराण्यातले लोक मेले आणि ही पाती पोलादाला हजारो घड्या घालून बनत.

आधी काळ बघा. मासामुने कामाकुराचा, तेराव्या शतकाची अखेर नि चौदाव्याची सुरुवात हा त्याचा काळ. मुरामासा इसे प्रांतातल्या कुवानाचा. तारीख कोरलेलं त्याचं सर्वांत जुनं पातं १५०१ सालचं. मध्ये जवळजवळ दोन शतकं गेली. ते ओढ्याकाठी भेटणार कसे?

घड्यांचं गणित तर घरबसल्या करता येतं. एका घडीला थर दुप्पट होतात. दहा घड्यांत १,०२४, पंधरांत ३२,७६८. लोहार साधारण तेवढ्यावरच थांबत. लोखंडी वाळूपासून भट्टीत काढलेल्या पोलादात कार्बन कुठे जास्त, कुठे कमी असतो, मळीही असते. घडी घालून घण मारला की मळी बाहेर पडते आणि कार्बन सारखा पसरतो. पण प्रत्येक तावात थोडा कार्बन आणि थोडं पोलाद जळून जातं. हजारो घड्या घातल्या तर हातात काय उरेल?

आता शाप. तोकुगावा घराण्याचा पहिला शासक इएयासू. त्याचे आजोबा कियोयासू यांना १५३५ मध्ये त्यांच्याच सरदाराने मारलं, ते मुरामासाच्या पात्याने, असं सांगतात. असेलही. कुवाना आणि तोकुगावांचा मिकावा प्रांत जवळजवळच. तिथल्या योद्ध्यांच्या कमरेला मुरामासाची धारदार पाती असायचीच. मारणाराही तिथलाच होता. आणि खुद्द इएयासूने मुरामासाची तलवार जवळ बाळगली होती. नागोयाच्या तोकुगावा कला संग्रहालयात ती आजही आहे.

दोघांचं खरं मोठेपण पात्यातच दिसतं. पाणी देण्याआधी पात्यावर मातीचा लेप देतात, पाठीला जाड, धारेला पातळ. तापलेलं पातं पाण्यात गेलं की धार झटकन कडक होते, पाठ चिवट राहते, आणि पातं बाकही घेतं. मासामुनेचं पातं दिव्याखाली जरा तिरकं धरलं, की धारेलगत बारीक चमकते कण दिसतात, दव पडल्यासारखे. मुरामासाची खूण वेगळी. लेपामुळे धारेलगत उमटणारी लाटेची नक्षी एका बाजूला बघून घ्या आणि पातं उलटा: तीच लाट, त्याच जागी. मातीचा लेप हाताने देऊन दोन्ही बाजूंना हे जमवायला केवढा सराव लागत असेल!

अशा कारागिराच्या वाट्याला काय आलं? शापाची अफवा पसरल्यावर काही मालकांनी मूठ काढली आणि पात्यावर कोरलेलं त्याचं नाव घासून टाकलं.