मदत कोणाला लागते, हे पसरकाराच्या वहीत लिहिलेले असते

‘कोविडच्या काळात गोव्यात कोणी उपाशी झोपले नाही.’ हे वाक्य मी गेली काही वर्षे सभांमधून, सत्कारांतून, चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून ऐकते आहे आणि दर वेळी माझा जीव तळमळतो. झोपली माणसे उपाशी. आमच्या फोंडा तालुक्यात, कारखान्यांच्या आसपासच्या भाड्याच्या खोल्यांत, मुलांना पेज पाजून आईबाप तसेच झोपले. आणि जी घरे तगली, त्यातली बरीचशी शेजारच्या छोट्या छोट्या गटांमुळे तगली. ते गट आज कुठे आहेत? पुन्हा साथ आली तर ते उद्या सकाळी उभे राहू शकतील का? हे मला मनापासून विचारायचे आहे, म्हणून थोडे लांबलचक लिहिते आहे.

मी एका स्वयंसाहाय्य गटात आहे. आमचा गट शाळांना माध्यान्ह आहार पुरवतो. गोव्यात बहुतेक शाळांचा आहार आमच्यासारखे महिलांचे गट आणि महिला मंडळेच करतात, हे अनेकांना ठाऊक नसते. सकाळी भाजी, पाव, कधी पुलाव, शाळेच्या मधल्या सुट्टीआधी डबे पोचवायचे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि एकाच दिवशी दोन गोष्टी घडल्या. मुलांचे दुपारचे जेवण गेले आणि ते रांधणाऱ्या बायकांची कमाई गेली. मोठी पातेली, गॅसच्या शेगड्या, मसाले, पन्नास-शंभर माणसांचा अंदाज असलेले हात, सगळे तयार होते, पण रिकामे. आणि दीड-दोन किलोमीटरवर माणसे भुकेली होती. आमच्या गटाला कोणी बोलावले नाही. मुलांसाठी नंतर धान्य आणि पैसे देण्याची सोय झाली, ती आवश्यकच होती. पण ही स्वयंपाकघरे तशीच पडून राहिली, ते अजून माझ्या मनातून जात नाही.

त्याच वेळी केरळात काय झाले ते बघा. तिथे कुटुंबश्री नावाचे दारिद्र्य निर्मूलनाचे अभियान १९९८ पासून आहे, ४० लाखांहून अधिक बायका त्यात आहेत, आणि त्याचा पाया म्हणजे वीसेक घरांमागे एक शेजारगट. लॉकडाऊन लागताच पंचायती आणि नगरपालिकांनी या बायकांना हाताशी धरून सामुदायिक स्वयंपाकघरे सुरू केली. ज्याला परवडते त्याने वीस-पंचवीस रुपये द्यायचे, ज्याला परवडत नाही त्याला फुकट, आणि डबा घरपोच. हे काही दिवसांत जमले, कारण बावीस वर्षांचे काम आधीच झालेले होते. पाऊस दारात उभा राहिल्यावर कोणी घर शाकारायला घेत नाही.

गोव्यातली सुरुवात आठवा. २२ मार्चला जनता कर्फ्यू लागला, तो वाढवला गेला, आणि २५ पासून देशभर लॉकडाऊन आला. आपल्याकडे पहिले काही दिवस किराणा दुकानेसुद्धा बंद होती. सामान घरपोच मिळेल असे सांगितले गेले, पण ते कोणाच्या घरी, कोणत्या यादीवरून, हे कोणालाच नीट माहीत नव्हते. मग निर्णय फिरला, दुकाने उघडली. ज्यांच्या घरात महिन्याचे सामान भरलेले असते त्यांची त्या दिवसांत गैरसोय झाली. ज्यांच्या घरी रोजच्या रोज अर्धा किलो तांदूळ आणि दहा रुपयांचे तेल येते, त्यांची चूल विझली.

आणि ही घरे त्या मार्चमध्येच अडचणीत आली असेही नाही. आमच्या भागात आणि पलीकडे डिचोली, सत्तरी, सांग्यात खाणी २०१८ च्या मार्चपासून बंद होत्या. सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्यावर ट्रकवाले, बार्जवरचे कामगार, गॅरेजवाले, खाणीच्या गेटवर चहा-भजी विकणाऱ्या बायका, सगळ्यांचे दोन वर्षे कर्जावर चालले होते. त्यांच्यातले काही किनाऱ्यावर शॅकमध्ये, हॉटेलांत कामाला लागले होते. मग पर्यटनही थांबले. एका घरावर दोन वर्षांत दोनदा घाव.

सरकारने काही केले नाही असे मी म्हणणार नाही, ते खोटे ठरेल. प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेतून एप्रिल २०२० पासून माणशी ५ किलो धान्य फुकट मिळू लागले. जनधन खाते असलेल्या बायकांना तीन महिने ५०० रुपये मिळाले. गृहिणींना दरमहा पैसे देणारी गृहआधार आणि वृद्ध, विधवांना देणारी दयानंद सामाजिक सुरक्षा या आपल्या राज्याच्या योजना आधीपासून होत्या, आणि अनेक घरांत त्या काळात तेवढीच काय ती बांधील आवक होती. पण या सगळ्याला एक कागद लागतो. रेशनकार्ड गोव्याचे हवे, खाते चालू हवे, आधार जोडलेले हवे. कारखान्याजवळच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाचे कार्ड कर्नाटकात, झारखंडात, ओडिशात. ‘एक देश, एक रेशनकार्ड’मध्ये गोवा १ जानेवारी २०२० लाच आला होता, म्हणजे निदान यात आलेल्या राज्यांच्या कार्डावर इथे धान्य मिळू शकत होते. हे त्या खोल्यांत जाऊन सांगणारे कोण होते? कार्ड नसलेल्या स्थलांतरितांना मे आणि जूनसाठी ५ किलो धान्य देण्याची घोषणा झाली ती १४ मे रोजी. तोवर बरीच माणसे थिवी, करमळी, मडगावच्या फलाटांवर श्रमिक गाड्यांची वाट बघत उभी होती.

मधल्या सात आठवड्यांत ज्यांनी माणसे जगवली, ती म्हणजे आसपासची मंडळे. देवस्थानच्या समित्या, चर्चचे पॅरिश आणि कारितास या चर्चच्याच मदतसंस्थेचे कार्यकर्ते, बेतीच्या गुरुद्वाराचा लंगर, गावागावातले युवक क्लब, अंगणवाडी सेविका, आणि कोणत्याच नावाची पाटी नसलेले मित्रांचे गट. पण मला त्यांच्यात एक मोठा फरक दिसला. ज्यांची वस्तीत आधीपासून ऊठबस होती, त्यांना दारे उघडी होती. वास्कोत देहविक्रीतल्या बायकांबरोबर वर्षानुवर्षे काम करणारी ‘अर्ज’ ही संस्था घ्या. त्या बायका कोणत्या सरकारी अर्जावर आपला व्यवसाय लिहिणार? त्यांच्यापर्यंत पोचायला ओळख लागते, आणि ओळख साथीत तयार होत नाही. याउलट, ज्यांनी त्याच आठवड्यात गट केला, ते बिचारे जीव तोडून काम करत होते, पण एका वाड्यावर सामानाची तीन-तीन किट गेली आणि पलीकडच्या वाड्यावर एकही नाही.

आमच्या गटाने काय केले ते सांगते, कारण त्यातूनच मला पुढचे सुचले आहे. किट भरली, वाटली, इतरांसारखीच. पण लवकरच लक्षात आले की जी घरे सर्वांत आधी बुडाली ती रांगेत येतच नव्हती. मोटारसायकल पायलट (दुचाकी टॅक्सीवाले), लग्नात वाजवणारे वाजंत्री, दशावतारात काम करणारे, घरी शिवणकाम करणाऱ्या विधवा, खाणीवरचा एखादा जुना सुपरवायझर. या माणसांनी आयुष्यात कधी कोणापुढे हात पसरला नव्हता, आणि कोणीतरी मोबाइलवर फोटो काढत असताना तर ती मुळीच पसरणार नव्हती. (फोटो काढून मदत देणाऱ्यांना हात जोडून सांगते, पुढच्या वेळी हे करू नका. दहा किलोच्या पिशवीसाठी माणसाची मुलेबाळे शाळेत त्या फोटोवरून चिडवली गेली आहेत.)

मग आमच्यातल्या एका काकींना सुचले की पसरकाराला, म्हणजे किराणा दुकानदाराला विचारू. गावातल्या पसरकाराला सगळे ठाऊक असते. कोणाची उधारी अचानक वाढली, कोणी साखर घेणे बंद केले, कोण बिस्किटाचा पुडा परत ठेवून फक्त चहापावडर घेऊन गेले. त्याने नावे सांगितली नाहीत, आणि ते बरेच झाले. आम्ही जमवलेले पैसे त्याच्याकडे दिले आणि म्हटले, ज्यांची वही जास्त भरली आहे त्यांची थोडी थोडी उधारी यातून वळती कर, आणि त्यांना सामान देणे थांबवू नकोस. त्या घरांना कोणाकडे जावे लागले नाही. त्यांना जे हवे तेच त्यांनी नेले, कोणी मुलाच्या दुधाची पावडर, कोणी पॅड, कोणी रिचार्ज. आणि पसरकारही बुडाला नाही. गरिबाला उधार देणारे ते शेवटचे दुकान बंद पडले असते तर आमच्या सगळ्या किट मिळूनही ती जागा भरून निघाली नसती.

भाड्याचा प्रश्न मात्र आम्हाला सुटला नाही. भाडेकरूकडे पैसे नाहीत हे सगळ्यांना दिसत होते. पण घरमालक म्हणजे कोणी मोठे भाटकार, जमीनदार नव्हेत. तीन खोल्या भाड्याने देऊन औषधपाणी चालवणारी एखादी म्हातारी मावशी. भाडे माफ करा असे तिला कोणत्या तोंडाने सांगायचे? इथे अमेरिकेतली एक व्यवस्था मला फार शिकण्यासारखी वाटते. १९६४ च्या दारिद्र्यविरोधी कायद्यातून तिथे जागोजागी कम्युनिटी ॲक्शन एजन्सी उभ्या राहिल्या, आज त्या हजाराच्या आसपास आहेत. घरभाड्याला हातभार, विजेच्या बिलाला मदत, अन्न, लहान मुलांची शाळा, अशी कामे त्या वर्षभर करतात. मार्च २०२० मध्ये तिथल्या सरकारने कोविडसाठी त्यांच्या वाटेने १ अब्ज डॉलर ज्यादा दिले, तेव्हा पैसा कोणाकडे द्यायचा हे शोधायला नको होते. आणि मला सर्वांत भावलेला नियम हा, की या संस्थांच्या कार्यकारिणीत किमान एक तृतीयांश सदस्य गरीब कुटुंबांचे प्रतिनिधी असलेच पाहिजेत. तो देश श्रीमंत आहे, आपले प्रश्न वेगळे आहेत, मान्य. पण हा नियम करायला पैसे लागत नाहीत.

आपल्याकडे मदतीच्या समितीत कोण बसते? पंच, माजी पंच, एखादे निवृत्त मास्तर, देवस्थानचे अध्यक्ष. सगळी भली माणसे. पण महिन्याच्या वीस तारखेला घरात काय उरते, हे त्यांना ऐकून माहीत असते. घरकाम करणाऱ्या बाईला ते अंगावर माहीत असते.

दुसऱ्या लाटेने तर मदतीचा अर्थच बदलून टाकला. मे २०२१ मधले गोमेकॉतले, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातले, दिवस इथे पुन्हा लिहीत नाही, ज्यांची माणसे गेली त्यांना ते वाचवत नाहीत. तेव्हा किराण्याइतकीच गरज होती ती बंद घराच्या पायरीवर दोन वेळचा डबा ठेवण्याची, ऑक्सिमीटर फिरवण्याची, आणि नंतर, फार नंतरपर्यंत, कागदांची. मृतांच्या कुटुंबाला ५० हजार रुपये मिळणार होते, पण दाखल्यावर कारण काय लिहिले आहे यावर ते अडत होते. दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी पीएम केअर्सची योजना आली. ज्या बाईने नवरा गेल्यावर पहिल्यांदाच बँकेचे पासबुक हातात घेतले, तिला हे अर्ज कोण भरून देणार? आमच्यातली एक मुलगी, बी.कॉम. झालेली, संध्याकाळी घराघरात बसून हे भरत असे. तिने त्या पावसाळ्यात केलेले काम आमच्या सगळ्या किटांपेक्षा मोठे होते असे माझे ठाम मत आहे.

‘भायल्यांना, बाहेरून आलेल्यांना कशाला?’ हा प्रश्न तेव्हाही आला, आताही येईल. जून २०२० मध्ये वास्कोतले मांगोर हिल कंटेनमेंट झोन झाले तेव्हा वास्कोच्या माणसांना लोक कसे टाळत होते, ते विसरू नका. वास्कोचे मूळचे रहिवासीसुद्धा काही दिवस सगळ्या गोव्याला भायले झाले होते. ट्रॉलरवर जाळे ओढणारा, आपल्या घराचा स्लॅब घालणारा, आपल्याच खोलीचे भाडे भरणारा माणूस साथीच्या दिवशी परका होतो, हे मला पटत नाही, आणि माझ्या आजीने शिकवलेल्या धर्मातही ते बसत नाही.

ऑक्टोबर २०२० मध्ये सरकारचे स्वयंपूर्ण गोवा अभियान सुरू झाले, पंचायतीत ‘स्वयंपूर्ण मित्र’ म्हणून सरकारी अधिकारी येऊ लागले, योजना दारापर्यंत आल्या. चांगली गोष्ट. पण अधिकारी बदलून जातो. राज्यात १९१ पंचायती आहेत, प्रत्येकीत गावाचा स्वतःचा, कायम असलेला गट हवा.

म्हणून आमच्या येत्या ग्रामसभेत आम्ही बायका एक ठराव मांडणार आहोत. प्रभागवार एक कायम मदत समिती. तिच्यात एक तृतीयांश जागा रोजंदारीवर जगणाऱ्यांना, आणि त्यात भाडेकरूही. ग्रामसभेत मतदारालाच बोलता येते, त्यामुळे ज्यांची नावे इथल्या यादीत नाहीत त्यांना या समितीशिवाय तोंडच नाही. माध्यान्ह आहाराच्या गटांशी आधीच लेखी करार, म्हणजे शाळा बंद झाली तर दुसऱ्या दिवशी तीच पातेली चुलीवर चढतील. पसरकार आणि फार्मसीत वळते करण्यासाठी छोटा निधी, हिशेब दर तीन महिन्यांनी ग्रामसभेत, नावे मात्र कधीच जाहीर नाहीत. आणि अर्ज भरून देणारी एक शिकलेली मुलगी किंवा मुलगा, मानधनावर. फुकट नाही, मानधनावर, यावर मी अडून बसणार आहे.

ठरावाचा मसुदा मराठीत तयार आहे. तुमच्या पंचायतीत मांडायचा असेल तर मला निरोप करा, पाठवते. आणि आहार पुरवणाऱ्या माझ्या इतर गटांतल्या बायांनो, तुमच्याकडे एका वेळी किती माणसांचे रांधण्याची सोय आहे आणि तुम्ही कोणत्या गावात आहात, एवढे मला कळवा. तालुक्याची यादी मी करायला घेतली आहे.